पूर्वेकडची बाजू

“आणि त्या वह्या?” डॉ. आइला रॅट्रीनं विचारलं.

एल्स्पेट मेव्हर टेकडीच्या माथ्यावर एका दगडावर दम खात बसली होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हा चढ तिला झेपणारा नव्हता. पण सकाळी ही उत्खननवाली पोरगी दारात आली, तिनं ॲलिकचं नाव घेतलं, आणि म्हातारी कोट चढवून तिच्यामागं निघालीच. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत त्याचं नाव घेऊन कुणी दार वाजवलं नव्हतं.

खाली उतारावर आइलाची माणसं गुडघे टेकून माती खरवडत होती. प्रत्येकाच्या पुढ्यात एक उथळ, गोल खड्डा. गेल्या वर्षी विमानातून टेकडीची मोजणी झाली, तेव्हा असे दोनशे सोळा खड्डे दिसले होते. खणल्यावर खाली चुली निघाल्या, राख निघाली, जळालेले जवाचे दाणे निघाले. पिक्ट नावाच्या इथल्या प्राचीन लोकांची घरं. पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वी या ओसाड टेकडीवर चांगलं भरलेलं गाव नांदत होतं.

हे सगळं ॲलिक चाळीस वर्षांपूर्वी सांगत होता. तो गावचा पोस्टमन. आठवडाभर सायकलवरून पत्रं वाटायची आणि रविवारी सगळं गाव चर्चला निघालं, की यानं मोजायचा टेप आणि वही घेऊन टेकडी गाठायची. चर्चच्या दारात बायका विचारायच्या, “काय गं एल्स्पेट, सापडला का तुझ्या नवऱ्याला राजा?” ती तिथं हसण्यावारी न्यायची आणि घरी येऊन त्याच्यावर उखडायची. “मेंढ्या लोळून पडलेले खड्डे ते! मेंढ्यांची घरं मोजतोस होय रे?”

“संग्रहालयाच्या जुन्या फायलीत तुमच्या मिस्टरांचं पत्र सापडलं,” आइला म्हणाली. “पूर्वेकडची बाजू पूर्ण मोजून झाली आहे, अकरा वह्या भरल्या आहेत, कुणीतरी येऊन बघावं, असं लिहिलंय. उत्तर कुणी दिलेलं दिसत नाही.”

“नाहीच दिलं. दोन वर्षं टपालाची थैली उघडली, की आधी स्वतःचं पत्र शोधायचा.”

आइला ओशाळली. मग तिनं पूर्वेकडं बोट केलं. तिकडं टेकडी नव्हतीच. रस्त्याच्या खडीसाठी मधल्या काळात तिथं खाण निघाली होती आणि ती अर्धी टेकडी खाऊन बसली होती. उरला होता तो उभा कापलेला कडा, आणि तळाशी साचलेलं हिरवं पाणी.

“तिथलं आता विमानालाही काही दिसत नाही,” आइला म्हणाली. “काय होतं ते फक्त त्या अकरा वह्याच सांगू शकतात. या लोकांनी स्वतःबद्दल लिहून काही ठेवलं नाही हो. जे लिहिलं ते शत्रूंनी. पिक्ट हे नावसुद्धा रोमनांनी ठेवलेलं.”

“वह्या मी जाळल्या,” एल्स्पेट म्हणाली.

आइला झटकन तिच्याकडं वळली.

“रागानं नाही गं. तो गेला त्या हिवाळ्यात, शेगडी पेटवायला. रोज दोन-तीन पानं. कागद चांगला होता, लगेच पेट धरायचा.” तिनं कोटाचं वरचं बटण लावलं. “मार्चपर्यंत पुरल्या.”

उतारावर कुणीतरी घमेलं रिकामं केलं. खडे घरंगळत गेले.

“तुम्ही कधी आला होतात त्यांच्याबरोबर? त्या बाजूला?”

“आले तर! टेपचं दुसरं टोक कोण धरणार? एका ऑक्टोबरात दर रविवारी दुपारी ओढून आणायचा मला.”

आइला चटकन तिच्या शेजारी येऊन बसली. खिशातून तिनं छोटी वही काढली. “मग आठवून बघा ना. तिथं एखादं मोठं घर होतं का? बाकीच्यांच्या तिप्पट-चौपट? तसं एक जरी असलं, तरी इथं कुणी मोठा सरदार, राजा राहायचा असं म्हणता येईल. मी तुमच्या मिस्टरांच्या नावानिशी छापीन.”

हो म्हटलं की झालं. खोटं ठरवायला आता कोण येणार होतं? ॲलिकचं नाव पुस्तकात येईल, आणि एवढी एक गोष्ट तरी तिच्या हातून त्याच्यासाठी होईल. ‘हो’ अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं डोळे मिटले आणि खरोखरच आठवून पाहिलं. टेपच्या त्या टोकाला ॲलिक दिसला. तो ओरडून आकडे सांगत होता. त्याचे ओठ दिसत होते. आकडा काही ऐकू येत नव्हता.

“एकदा तो टेप टाकून नाचायलाच लागला,” ती डोळे न उघडता म्हणाली. “दोन्ही हात हलवून मला हाका मारत होता. इकडं ये, एल्स्पेट, हे बघ, हे बघ, म्हणून.”

“आणि? काय होतं तिथं?” आइलाचं पेन कागदावर टेकलं होतं.

“मी गेले नाही,” एल्स्पेट म्हणाली. “मला थंडी वाजत होती.”

आइलानं पेनाला टोपण लावलं.