तेरा नंबरचा पाना

विमान पडू द्यायचं नाही, हे त्या कारखान्याचं पहिलं तत्त्व होतं. दरवाजावर ते हातभर उंच अक्षरांत रंगवलेलं होतं. दुसरं तत्त्व कुठेच रंगवलेलं नव्हतं, कारण ते सगळ्यांना पाठ होतं: विमान ठरल्या दिवशी बाहेर पडलं पाहिजे. ठरलेला दिवस उद्याचा होता, आणि हत्यारांच्या फळ्यावर तेरा नंबरच्या पान्याची जागा लाल दिसत होती.

फळ्याची रीत साधी. प्रत्येक हत्याराची आकृती बरोबर त्याच्या मापाची, लाल रंगात काढलेली. हत्यार जागेवर टांगलं की लाल झाकलं जातं. पाळी सुटताना लाल दिसलं, तर हत्यार सापडेपर्यंत विमान हलत नाही, कारण ते बहुधा विमानातच असतं. पूर्वी हत्यारघराच्या खिडकीत दोन माणसं बसत. बिल्ला ठेवून घेतल्याशिवाय सख्ख्या भावालाही स्क्रूड्रायव्हर देत नसत. खर्च कमी करायला आलेल्या सल्लागारांना ती दोघं नुसती बसलेली दिसली. तपासनीस सात होते. सहा जणांना कारखान्याने एकेक घड्याळ देऊन घरी पाठवलं. उरली ही सातवी. तिला सगळे आत्या म्हणत, कारण खोट काढल्याशिवाय तिचा पाय कुठून निघत नसे.

"पाना कोणी नेला होता?" आत्याने विचारलं.

डाव्या पंखाचा फिटर पुढे आला. "मीच, आत्या. पंख बंद करताना हातात होता."

"मग गेला कुठे?"

"तिघांचं काम एकटा करतोय मी. हात मात्र दोनच राहिलेत. कुठला हात काय करत होता, ते मला काय विचारता?"

आत्याने पंखावर लाल पट्टी बांधली. विमान वळवणारे दांडे त्याच पोकळीतून जात होते. पाना त्यांच्यात अडकला, तर विमान डावीकडे वळणार आणि वळतच राहणार. पंख उघडायचा म्हणजे चारशे स्क्रू आणि दोन दिवस.

साहेब धावत आले. "ताई, नेमकी अडचण काय आहे?"

"फळ्यावर पाना कमी आहे."

साहेबांना हायसं वाटलं. "एवढंच ना? मग नवीन आणू."

आत्याला वाटलं, साहेब चेष्टा करतायत. साहेबांनी कधी चेष्टा केल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. तासाभरात खरेदी खात्याचा माणूस पाना घेऊन हजर झाला. साहेबांनी तो स्वतःच्या हाताने टांगला आणि हात झटकले. "झालं. फळा पूर्ण."

"साहेब, उद्या फळा उडणार नाहीये. विमान उडणार आहे. मी शिक्का मारणार नाही."

"मग नका मारू," साहेब मायेने म्हणाले. ज्याने काम केलं त्यानेच ते तपासल्याची सही करायची, अशी नवी पद्धत पुढच्या महिन्यापासून येणार होती. साहेबांनी ती त्या दिवशी पावणेपाचपासून आणली, म्हणजे सातव्या तपासनिसाचीही गरज उरली नाही. कागद फिटरपुढे सरकवला.

"करू नकोस रे," आत्या म्हणाली.

"त्या सहा जणांना निदान घड्याळं तरी मिळाली, आत्या. मला तेही मिळायचं नाही." त्याने सही केली. अक्षर सरळ रेषेत आलं. मोठा कसबी हात होता तो.

दुसऱ्या दिवशी विमान घ्यायला पाहुणा आला. स्वतः वीस वर्षं विमान चालवलेला माणूस. आत्या सरळ त्याच्या आडवी गेली. "डाव्या पंखात आमचा पाना राहिलाय. उघडून बघितल्याशिवाय नेऊ नका."

साहेब हसले. "ताईंची आज शेवटची पाळी आहे. जरा हळव्या झाल्यात. या, तुम्हाला आमचा फळा दाखवतो."

फळा म्हणजे काय, हे पाहुण्याला सांगावं लागलं नाही. त्याने चार पावलांवरूनच ओळीने हत्यारं मोजली. जागा एकही रिकामी नव्हती. त्याने आत्याकडे असं पाहिलं, जसं खोटं बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहतात: रागाने नाही, कीव करून. आत्याने मान फिरवली. त्या पान्याचं तोंडही बघायचं नाही, असं तिने कालच ठरवलं होतं.

अकराला विमान उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फिटरनेही.

आत्या शिक्का परत करायला हत्यारघरात गेली. खिडकीत घ्यायला कोणी नव्हतं. म्हणून तिने तो फळ्याखालच्या फडताळात ठेवला आणि मान वर केली. नव्या पान्याभोवती, नखाएवढी का होईना, लाल कड दिसत होती. तिने पाना काढून त्यावरचा आकडा वाचला.

खरेदी खात्याने बारा नंबरचा आणला होता. तो स्वस्त पडला.