वरची ओल

पाऊस आला तेव्हा भीमराज मुनेश्वरची राजदूत मोटरसायकल कापूस खरेदी केंद्राच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर होती. सकाळी पांढरकवड्याहून निघताना आभाळ निरभ्र होतं. डिसेंबरात पाऊस येईल असं कोणाच्या मनात यायचं कारण नव्हतं. मागे बायको, इंदूबाई, नवी शाल पांघरून बसली होती. राळेगावला तिच्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं.

एवढ्याशा जाण्याला तीस वर्षं लागली होती. भीमराज कापसाचा ग्रेडर, केंद्रावर आलेला माल पाहून घ्यायचा की परत करायचा ते ठरवणारा. मोटरसायकल चालवत कुठं लांब जावं असे दिवस या भागात हिवाळ्यातलेच, आणि नेमके तेच कापसाचे. त्याला सुटी मिळायची ती उन्हाळ्यात, डांबर टायरला चिकटायचं तेव्हा. नाहीतर पावसाळ्यात, मडगार्डात काळी माती भरून चाकच फिरायचं नाही तेव्हा. "रिटायर झालो की हिवाळ्यात जाऊ," असं तो दरवर्षी म्हणायचा. ऑक्टोबरात तो रिटायर झाला, आणि चांगली थंडी पडायची वाट पाहत राहिला.

फाटकाबाहेर कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली होती. सर पडताच माणसं गाड्यांवर चढून ताडपत्र्या ओढू लागली. एका गाडीवर म्हातारा एकटाच होता आणि वारा त्याच्या हातातली ताडपत्री हिसकावत होता. भीमराजनं मोटरसायकल कडुलिंबाखाली लावली, धावत जाऊन दुसरं टोक धरलं. बांधून होईस्तोवर वरचा कापूस भिजलाच. मग इंदूबाईसह तिघंही गाडीखाली अंग चोरून बसले.

म्हातारा त्याच्याकडे निरखून पाहत होता.

"तुमी मुनेश्वर साहेब ना?"

"हो. तुम्ही?"

"मी खेमसिंग, तांड्यावरचा. चार साल झाले, माही गाडी तुमी वापस केलती."

भीमराजला आठवलं नाही. अशा गाड्या कितीतरी.

"ओल असेल," तो म्हणाला.

"व्हती. वरून."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. इंदूबाईनं विचारलं, "मंग काय केलं जी तुमी?"

"काय करतो बाई? भायेर व्यापारी उभेच राह्यते. देल्ला त्याइले पडेल भावानं, अन् गेलो घरी."

अर्ध्या तासानं पाऊस थांबला. ऊनही पडलं. रांग सरकायला लागली तसं खेमसिंगनं ताडपत्री उचलली. "साहेब, एकडाव हात घालून पाहा न."

भीमराजनं हात घातला. वरची ओल बोटांना लागली. तो आणखी खाली गेला, कोपरापर्यंत. आत कापूस कोरडा होता, उन्हातून नुकताच वेचून आणावा तसा उबदार. तीस वर्षांत एवढा खोल हात त्यानं कधी घातला नव्हता. वरून मूठभर घ्यायचा, दाबायचा, पुढची गाडी.

"आतून कोरडा आहे," तो म्हणाला.

"हेच तिथं सांगा जरा."

भीमराजनं इंदूबाईकडे पाहिलं. ती शालीचा ओला काठ पिळत होती.

"जा तुमी," ती म्हणाली. "बहीन थांबली तं थांबली."

आत ग्रेडरच्या जागेवर अतुल होता. सहा वर्षं तो भीमराजच्या हाताखाली शिकला होता. त्याला पाहताच अतुल उठला, खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. भीमराज बसला नाही. खेमसिंगची गाडी समोर आली. अतुलनं वरून मूठभर कापूस घेतला, दाबला, टाकून दिला.

"ओल हाये. वापस."

"अतुल, कोपरापर्यंत हात घालून पाहा. आत कोरडा आहे."

अतुलनं फाटकाबाहेरच्या रांगेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो बोलला ते अगदी आदरानं.

"सर, एकएक गाडी आतून पाह्यत बसलो तं केंद्र चालत नाही. वरून भिजला म्हंजे भिजला समजाचा. तुमीच शिकवलं ना मले."

चहा आला, तो तसाच टेबलावर राहिला.

बाहेर खेमसिंगनं बैल वळवले. व्यापाऱ्याचा माणूस पुढे झालाच होता. भीमराजनं जाऊन बैलांचा कासरा धरला.

"त्याला नका देऊ. वरचा थर काढू, सुकवू, आणि पुन्हा रांगेत लावू."

"आज नंबर नाही लागनार, साहेब."

"मग उद्या लागेल. मी येतो उद्या."

रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत ताडपत्री उलटी करून अंथरली. खेमसिंग वरून ओला कापूस काढून देऊ लागला. इंदूबाईनं शाल घडी करून मोटरसायकलच्या सीटवर ठेवली आणि नव्या लुगड्यानिशी खाली बसून कापूस पसरायला लागली. भीमराजही तिच्याशेजारी बसला. रस्ता धुऊन निघाला होता. हवेत गारवा होता, उन्हाला चटका नव्हता. राळेगावकडे एक मोटरसायकल गेली, तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

"साहेब, तुमी निंगा आता," खेमसिंग गाडीवरून म्हणाला. "फटफटी चालवाले असं ऊन रोज नाही भेटत."

"सुकवायलाही नाही," भीमराज म्हणाला. त्यानं ओल्या कापसाची एक मूठ उचलली, हातांनी मोकळी केली, आणि उन्हात पसरून दुसरी घेतली.