हात शिकणारी रायफल

निवडचाचणी उद्यावर आली होती आणि हेमांगीचे छर्रे लक्ष्याभोवती नुसते विखुरत होते. तीच रायफल तिच्या प्रशिक्षकांनी, दुधाणे सरांनी, उचलली आणि थेट मधोमध मारलं. कंपवातामुळे ज्यांना चहाचा कप धरवत नाही, त्या सरांनी! हेमांगीच्या मनात पाल चुकचुकली.

"सर, ही माझ्याच हातात का थरथरते?"

"अगं, टेन्शन घेतेस तू. दुसरं काय?"

तिला पटलं नाही. या नव्या रायफली नेमबाजाच्या हाताचा कंप शिकायच्या आणि त्याच्या उलट हलून तो जिरवायच्या. पण एका वेळी एकाच हाताचा. तिनं दस्त्यावरची छोटी स्क्रीन चालू करून पाहिली. रायफलीनं शिकलेला कंप तिचा नव्हताच, भलताच मोठा होता. म्हणून तर तिच्या स्थिर हातात ती उगाच हलत होती.

"रोज माझ्याआधी येऊन हिला तुमचा हात शिकवताय ना? माझी निवड होऊ नये म्हणून?"

"छे गं पोरी!" सर खाली बघत म्हणाले. "हिच्यावर माझा हात थरथरायचा थांबतो. तुझं नुकसान होतंय हे कळत होतं, पण सुटत नव्हतं."

हेमांगीचा अंगठा शिकलेला कंप पुसायच्या बटणावर होता. तिनं तो उचलला. "एक मारून घ्या. मग पुसू."

सरांनी मारला, मधोमध. बराच वेळ त्यांनी रायफल खांद्यावरून उतरवली नाही आणि तिनंही मागितली नाही. शेवटी बटण त्यांनीच दाबलं.

"धर लवकर," ते म्हणाले, "पडेल."