राजाचा गेंडा

राजाच्या थडग्यात ठेवायला मसिंदीनं लाकडाचा इवला गेंडा कोरून सोन्याच्या पत्र्यानं मढवला होता. दफनाच्या दिवशी समुद्राकडून आलेल्या व्यापाऱ्याला तो दिसला. “कापडाचे सगळे गठ्ठे ठेवून घ्या, गेंडा मला द्या,” तो म्हणाला. राजाचा धाकटा भाऊ रवेले मोहात पडला. “मसिंदी, दादाला मातीचा गेंडा देऊ. खाली अंधारात कोण बघतंय?” मसिंदी गेंडा पोटाशी धरून खड्ड्यात उतरली आणि राजाच्या उशाशी बसली. “वर ये! वेडी झालीस का?” रवेले ओरडला. “वाळू चाळून काढलेलं आपलं सगळं सोनं परमुलखात जातं, धनी. एवढं जाणार नाही. हवं तर माझ्यावर माती लोटा.” व्यापारी हसला. काठावरच्या एका म्हातारीनं त्याच्याकडूनच घेतलेली मण्यांची माळ गळ्यातून काढून खड्ड्यात फेकली. मग दुसरीनं, तिसरीनं. अखेर रवेलेनं हात दिला. मसिंदी रिकाम्या हातांनी वर आली.