कायमचा पत्ता

"या घराचे साठ हजार डॉलर, तेही एकरकमी," ओपल म्हणाली. "माझा भाचा अर्धवट आहे म्हणून देतोय. घे आणि सुट."

व्हर्लिन स्टिडमने कॉफीचा कप शेजारणीपुढे ठेवला. परत आपल्या खुर्चीपर्यंत यायला त्याला दोनदा थांबावं लागलं. केंटकीतल्या कोळशाच्या खाणीत तेहतीस वर्षं काढल्यावर फुफ्फुसं अशीच होतात. त्यात हे घर दरीच्या तळाशी, दमट जागी. दारापर्यंत चौदा पायऱ्या. डॉक्टरांनी गेल्या वर्षीच सांगितलं होतं, कोरड्या हवेत राहायला जा, इथे फार दिवस काढता यायचे नाहीत.

"आज सही केली असती," तो म्हणाला. "बायको गेल्यापासून या घरात एक दिवस माझं मन लागलेलं नाही. पण लोर्नाचं काय?"

"लोर्ना इथे राहते कुठे? तीन महिन्यांत दोन दिवस."

"तेवढे पुरतात."

त्याची एकुलती एक मुलगी फिरती नर्स होती. एजन्सी पाठवेल त्या रुग्णालयात तेरा आठवडे काम, मग दुसरं गाव. तिचा पगार व्हर्लिनने ओपलला पुन्हा एकदा समजावून सांगितला. तासाचा दर बेताचाच असतो. खरी कमाई राहण्या-जेवण्याच्या भत्त्यात, कारण त्यावर कर नाही. पण त्यासाठी तिचं स्वतःचं घर कुठेतरी हवं. त्याचा खर्च तिने उचलायचा, अधूनमधून येऊन तिथे राहायचं. तसं घर नसलं तर सरकारच्या लेखी ती बिनघराची, आणि मग सगळ्या भत्त्यावर कर.

"आणि ते घर म्हणजे हे, त्याचं भाडं ती तुला देते," ओपल म्हणाली.

"महिन्याला चारशेचा चेक. मी पावती देतो."

"बाप घरमालक, लेक भाडेकरू. छान चाललंय."

"मागे माझ्या वाढदिवसाला तिने पाचशेचा चेक पाठवला होता. फाडून परत पाठवला. मी कुणाचं फुकट घेत नाही. भाड्याची गोष्ट वेगळी."

"अरे, घर विकू का म्हणून तिला एकदा विचार तरी."

"ती लगेच विका म्हणेल, आणि स्वतःचं नुकसान करून घेईल. तू तिच्याजवळ बोलायचं नाहीस."

"मरशील इथे."

"मरेन. पण भाडेकरूला बाहेर काढून नाही."

मार्चमध्ये लोर्ना आली. तिची गाडी वळणावर दिसताच व्हर्लिनने नाकातली नळी काढली, ऑक्सिजनचं यंत्र कोठीत ढकललं आणि दार लावून घेतलं. टेबलावर राजम्याची आमटी आणि मक्याचा पाव तयार होता.

जेवताना लोर्नाने त्याचा हात हातात घेतला आणि निळसर नखांकडे पाहत राहिली.

"गार आहेत," तो म्हणाला. "शेगडी आत्ताच लावली."

"ॲरिझोनात हवा कोरडी आहे, डॅडी. या ना तिकडे."

"पुन्हा ॲरिझोनाच? एका ठिकाणी वर्षाच्या वर राहिलं तर भत्ता जातो ना तुमचा?"

"मध्ये नेवाडा झालं," ती म्हणाली आणि पाव मोडू लागली.

"फिरत्या माणसाकडे येऊन मी काय करू? तुझ्या बॅगेत राहू?"

"मी गंमत करत नाहीये."

"मी या घरात जन्मलो, लोर्ना. इथून हलणार नाही." हे वाक्य त्याने सकाळी दाढी करताना तीनदा म्हणून पाहिलं होतं.

लोर्नाने कोठीच्या बंद दाराकडे बराच वेळ पाहिलं. मग पर्समधून चेक काढला.

"मार्चचं भाडं."

व्हर्लिनने पावतीपुस्तक उघडलं, खाली कार्बन घातला आणि ठळक अक्षरांत तिचं नाव लिहिलं. तिने पावती नीट घडी घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावरच त्याने कोठीचं दार उघडलं.

मे महिन्यात तो नवव्या पायरीवर कोसळला. ओपलला तो तिथेच सापडला.

शुद्ध आली तेव्हा तो तालुक्याच्या रुग्णालयात होता. तोंडावर मास्क, खिडकीत ऊन, शेजारच्या खुर्चीत लोर्ना. त्याच्या मनात पहिला विचार आला तो तिच्या कराराचा. करार अर्धवट सोडून आली, आता एजन्सी पैसे कापणार. हे सांगायला त्याने मास्क ओढला. लोर्नाने तो परत नीट बसवला.

"बोलू नका."

एक कारकून बाई फॉर्म घेऊन आली.

"तुम्ही यांच्या कोण?"

"मुलगी."

"पत्ता?"

लोर्नाने ॲरिझोनातल्या टूसॉनचा पत्ता सांगितला. व्हर्लिनने मान हलवली. दरीतल्या घराचा पत्ता सांगायला हवा होता. कागदावर चुकीचं काही जायला नको.

"हा तात्पुरता की कायमचा?"

"कायमचा. फिरती सोडून तिथल्या रुग्णालयात कायम नोकरीला लागून तीन वर्षं झाली."

बाईने पलंगाकडे पाहिलं. "मग यांना आधीच न्यायचं होतंत. या फुफ्फुसांना तिकडची हवा मानवली असती."

"मागची खोली त्यांच्यासाठीच ठेवलीय. घराला एकही पायरी नाही." लोर्नाने आवाज खाली आणला. "दर वेळी विचारते. येतच नाहीत. त्या घरावर फार जीव आहे त्यांचा."