वस्तादांची लाज

हिंदुराव वस्तादांच्या मूत्रपिंडांनी दगा दिला होता आणि हृदयाला डायलिसिसचं मशीन झेपणारं नव्हतं. म्हणून रक्त साफ ठेवायला पत्नी आनंदीबाई घरीच नळीतून त्यांच्या पोटात औषधी पाणी सोडायच्या नि काढून घ्यायच्या.

हल्ली पाणी पुरतं परत येईना. "माझाच हात चुकतोय," म्हणत त्या रडायच्या. सुटलेल्या पोटाखाली वृषण त्या पाण्यानं फुगलेत, हे वस्तादांना ठाऊक होतं. पण उभी हयात तालमीत लंगोट मिरवलेल्या माणसानं ते सांगायचं कसं?

चालवेना, तेव्हा डॉक्टरांपुढं धोतर सोडावं लागलं.

"आधी आला असता तर पाणी खाली उतरतंय ते भोक टाके घालून बुजवून भागलं असतं. आता पोटात पू झालाय. नळी काढावी लागेल."

मशीन झेपणारं नाही, आता नळीही नाही; पुढं काय, हे दोघांनाही कळलं.

"मी रडत होते, तवा तुमी समोरच बसला होता की ओ," आनंदीबाई म्हणाल्या.

वस्तादांना त्यांच्याकडं बघवेना.