७३९३९१३३

"बाबा, या आकड्याला एक आणि तो स्वतः सोडला, तर कशानेच भाग जात नाही. शेवटून एकेक अंक पुसत जा, तरी तेच. पार सात उरेपर्यंत!" कॉलेजात शिकणारी लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमन बाबांनी स्टुलावर वही उघडली. माणसांची वरखाली ने-आण करता करता भागाकार चालू. लेक चिडायची, "कॉम्प्युटरने कधीच तपासलंय हो! माझ्यावर विश्वास नाही का?" बाबा नुसते "बघतो" म्हणायचे. दोन वर्षांत हजारावर भागाकार झाले. दर वेळी बाकी उरली.

लेक प्राध्यापक झाली, तेव्हा तिने त्या सात वह्या वर्गात मांडल्या आणि बाबांना पुढे बोलावलं. "हे सगळं यांनी हाताने केलंय," तिने मुलांना सांगितलं.

एका मुलीने विचारलं, "काका, तुम्हाला गणिताची एवढी आवड?"

"छे गं, आठवीत गणितातच गचकलो. पण आमचा वॉचमन म्हणाला होता, 'पोरगी थापा मारते.' त्याला वह्या दाखवायच्या होत्या."